गुरुजींची ॲम्बॅसेडर आणि सतरा मिलिमीटर

गुरुजी पहिल्यांदा आले ते श्रावणातल्या एका सोमवारी, भर पावसात, बॉनेटच्या फटीतून वाफ सोडत. आमचं गॅरेज मालवण-कसाल रस्त्यावर, चौक्याच्या जरा पुढे. गाडी १९८६ ची ॲम्बॅसेडर मार्क फोर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. खाऱ्या वाऱ्याने दारांच्या खालच्या कडा खाल्लेल्या, आतून मात्र लख्ख.

“अरे, गाडी तापता. चढाक दम नाय. माका पुढच्या आठवड्यात कोल्हापुराक जावचा आसा, डोळ्याच्या ऑपरेशनाक. फोंडाघाट चढतली मां?”

त्यांच्याकडे खर्चाची वही होती. वर्षभरात रेडिएटर, वॉटर पंप आणि हेड गॅस्केट एवढं सगळं बदलून झालेलं, तेही दोन गॅरेजांत. गाडी तापते म्हटलं की आम्ही मेकॅनिक लोक पाण्याच्याच मागे लागतो. मीही तिथूनच सुरुवात केली. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. पॉइंट घासून गॅप ०.४ मिमीवर आणला, कार्ब्युरेटर धुतला, टायमिंग म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते बघायला टायमिंग लाइट लावला. क्रँकच्या पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, काट्यांसमोर जिथे दिसायला हवी तिथेच. म्हणजे टायमिंग बरोबर. बिल घेतलं, गाडी दिली.

गुरुजी कसालपर्यंत गेले आणि परत आले. वाफ तशीच. बिलाचं एक अक्षर बोलले नाहीत, बाकावर बसून राहिले फक्त. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी डिलकोचा, म्हणजे प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा, क्लॅम्प ढिला केला आणि इंजिन चालू ठेवून तो हाताने घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवला. या इंजिनात डिलकोच्या आतला रोटर उलटा फिरतो, त्यामुळे बॉडी अशी फिरवली की स्पार्क लवकर पडतो. इंजिनाने एकदम अंग झटकलं. आवाज गोल झाला, आरपीएम वर गेले, सायलेन्सरचा फसफसाट थांबला. अजून थोडा फिरवला, अजून छान. लाइट मारून बघतो तर खाच काट्यांच्या आसपाससुद्धा नाही, पार लांब.

माझे उस्ताद असते तर म्हणाले असते, कानाला बरं वाटतंय ना, मग आवळ आणि सोड. त्यांनी उभ्या जन्मात लाइट वापरला नाही. पण मला ते जमेना. कान एक सांगतो आणि खाच दुसरंच सांगते, म्हणजे दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. खाचेवर संशय घ्यायचा तर तिला न विचारता टीडीसी शोधायला हवा. टीडीसी म्हणजे एक नंबरचा पिस्टन जिथे अगदी वर पोचतो ती जागा.

बरेच जण प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन वर आला की थांबतात. गाडी चालू होण्यापुरतं ते चालतं. पण ॲम्बॅसेडरचा प्लग हेडच्या बाजूला, तिरका. स्क्रूड्रायव्हर अडकला तर पिस्टनला ओरखडा. आणि मुख्य म्हणजे वर आल्यावर पिस्टन हलतच नाही म्हटलं तरी चालेल. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, साधारण ८९ मिमी आहे. टीडीसीपासून क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेत तो दांडा, पाच डिग्री फिरला तरी पिस्टन उतरतो जेमतेम ०.२ मिमी. एवढं हाताला काय कळणार?

म्हणून स्टॉप बनवला. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, पोकळ बॉडीत टोक गोल केलेला बोल्ट घालून वेल्डिंग केलं. तो एक नंबरच्या भोकात बसवला की पिस्टन वर पोचायच्या आधीच त्याला टेकतो. बाकीचे तीन प्लग काढले. बॅटरीची वायर सोडली, कारण इथे कुणी चुकून स्टार्टर मारला तर पिस्टनला भोकच.

आता क्रँक फिरवायचा दोन्ही बाजूंना. हँडल एकाच दिशेने धरतं आणि पुलीच्या नटावर पाना लावून उलटं फिरवलं तर नट सुटायची भीती. मग पुढच्या चाकांना चिरे लावले, मागचं एक चाक जॅकवर उचललं, हँडब्रेक सोडला, टॉप गिअर टाकला. पोरगा चाक फिरवतो, मी पुलीजवळ.

पुलीच्या कडेला कालनिर्णयच्या पानाची पट्टी चिकटवली होती. सरळ दिशेने हळूहळू, टक. काट्यासमोर पेन्सिलची रेघ. मग उलटा, जवळजवळ पूर्ण फेरा, पुन्हा टक. दुसरी रेघ.

गुरुजी छत्री घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. मी सांगितलं, पिस्टन चढताना कुठे अडतो ते बघितलं, उतरायच्या बाजूने कुठे अडतो तेही बघितलं, आता दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी.

“म्हंजे जेटीची पायरी बुडता कधी आणि उघडी पडता कधी ता बघूचा,” ते म्हणाले. “भरती मध्ये.”

इतकी वर्षं पोरांना हे शिकवतोय, मला कधी सुचलं नव्हतं. पुरी भरती झाली की पाणी बराच वेळ ना चढतं ना उतरतं, तेव्हा टक लावून बसलात तरी नेमका क्षण सापडत नाही. पायरीवरून मात्र सापडतो.

दोन रेघांमध्ये ९० मिलिमीटर. ४५ वर खूण केली, ती काट्यासमोर आणली आणि खाच कुठे आहे ते पाहिलं. सतरा मिलिमीटर अलीकडे. पुलीचा घेर ४४० मिमी, म्हणजे जवळजवळ चौदा डिग्री. खाच काट्यापाशी पोचेपर्यंत पिस्टन वरून परत फिरलेला असायचा. त्या खाचेवर भरवसा ठेवून आम्ही सगळे जण स्पार्क उशिरा पाडत होतो, मीसुद्धा. उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलायच्या ऐवजी जळत जळत एक्झॉस्टमधून बाहेर पडतं, ती सगळी उष्णता हेडमधल्या पाण्यात. रेडिएटर बिचारा काय करणार?

गुरुजी वही चाळायला लागले. मागच्या मे महिन्यात पुढचं ऑइल सील गेलं होतं. त्यासाठी पुली काढावी लागते. खाली एक ओळ : “पुली (जुनी) ३५० रु.” काढताना काठ फुटला म्हणून भंगारातून दुसऱ्या इंजिनाची आणून बसवलेली. २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून पार्ट बहुतेक असेच मिळतात, त्यात कुणाला दोष द्यायचा? चावीच्या गाळ्यात बसली, बेल्ट चढला, झालं. खाच त्या कव्हरच्या काट्यांशी जुळते का, हे बघायचं कुणाला सुचलं नाही. ती ओळ मी सोमवारी वाचली होती. रेडिएटरच्या आकड्यावर बोट ठेवून पुढे गेलो होतो.

एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे ना, ते चार नंबरचे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपला, म्हणजे दोन्ही जरा जरा उघडे, बघून पक्कं केलं. नव्या जागी कानशीने खाच पाडून पांढरा रंग भरला, जुनी काळ्याने बुजवली. व्हॅक्यूमची नळी काढून लाइट मारला, टायमिंग नव्या खुणेवर आणून क्लॅम्प आवळला. चौक्याच्या चढावर दोनदा नेऊन आणली. या वेळी पैसे घेतले नाहीत. गुरुजींनी वहीत तरी लिहिलंच : “खूण बदलली, १७ मिमी.”

शनिवारी सकाळी दाजीपुरातून फोन.

“घाट चढलंव. टेंपरेचराचो काटो मधीच आसा. चाय पितंव.”