पित्ताशय काढलं आणि दुखू लागलं डावीकडे

चौसष्ट वर्षांच्या बाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. तिसऱ्या दिवशी ताप आला, पांढऱ्या पेशी 15,000 वर गेल्या. अशा वेळी पहिली शंका पित्तगळतीची येते आणि ती रास्तच असते. सिस्टिक डक्टवरची, म्हणजे पित्ताशयाच्या नळीवरची, क्लिप सरकली किंवा यकृताला चिकटलेल्या जागेतून पित्त झिरपलं, तर सुरुवात अशीच होते. पण पोट तपासलं तेव्हा उजव्या बरगडीखाली मऊ लागलं. हात डावीकडे, ओटीपोटाच्या बाजूला नेला की मात्र बाई कळवळायच्या आणि तेवढाच भाग ताठ व्हायचा.

इथे जुनी फाइल कामी आली. जेवणानंतर उजवीकडे दुखून कळ पाठीपर्यंत जाणं पित्ताशयातल्या खड्यांमुळे होतं. पण आडवं झालं की घशाशी आंबट येणं खड्यांच्या खाती टाकता येत नव्हतं. म्हणून ऑपरेशनआधी एंडोस्कोपी केली होती आणि तीत 4 सेंटिमीटरचा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, सापडला होता. भूल देताना जठरातलं श्वासनलिकेत जाऊ नये, ही काळजीही त्यामुळेच घेता आली. खडे आणि हायटस हर्निया एकत्र दिसले की मोठ्या आतड्यातल्या डायव्हर्टिक्युलांचाही, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या पिशव्यांचाही, विचार करायचा. या तिघांच्या त्रिकुटाला सेंट्स ट्रायड म्हणतात. 1948 साली म्युलर यांनी ती सर्जन सेंट यांच्या नावाने मांडली. तिन्हींचं मूळ एकच असल्याचं सिद्ध झालेलं नाही. वयाबरोबर तिन्ही वाढतात, एवढं खरं. माझ्या मते या ट्रायडचा खरा उपयोग एकच आजार धरून बसण्याची सवय मोडायला होतो.

शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात अवयव उठून दिसावेत म्हणूनचं औषध) देऊन सीटी केला. यकृताखाली पाणी साचलेलं नव्हतं. सिग्मॉइडची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या डाव्या भागाची, भिंत जाड, आजूबाजूची चरबी धुरकट, गळू नाही: डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे त्या पिशव्यांना आलेली सूज. सुटी हवा पोटात आहे का, हे मात्र नीट पाहावं लागलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधला कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो, तरी थोडी हवा काही दिवस राहू शकते. यकृतावरचा एखादा बुडबुडा चालतो. सिग्मॉइडला खेटून बुडबुडे दिसले, तर आतडं फुटल्याचं धरून चालावं. इथे तसे नव्हते.

डायक्लोफेनॅक आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामकं थांबवून पॅरासिटामॉलवर आणलं. पहिल्या औषधाने डायव्हर्टिक्युला फुटायचा धोका वाढतो, दुसऱ्याने बद्धकोष्ठता होते. सेफ्ट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं शिरेतून सुरू केली, तोंडाने फक्त पातळ. दोन दिवसांत ताप उतरला.

डिस्चार्ज कार्डावर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) 6 ते 8 आठवड्यांनी लिहिली. सुजलेल्या आतड्यात हवा भरली तर ते फुटू शकतं, म्हणून लगेच नको. आणि सीटीवर सिग्मॉइडचा कर्करोगही कधीकधी असाच दिसतो, म्हणून टाळायचीही नाही.