दारफळणीच्या आधी

यंदा घटस्थापनेच्या आदल्या रात्री माझ्या ताटात डाळिंब होतं आणि मला ते खाववेना.

मी इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेव वाळवंटात स्दे बोकेरला राहतो. बेन-गुरियन विद्यापीठाची वाळवंटावर संशोधन करणारी संस्था इथे आहे. माझं काम झाडांच्या मुळांना किती पाणी पुरतं ते मोजण्याचं. इथे वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या सांगोल्यात त्याच्या चार-पाच पट पडतो आणि तरी आम्ही जन्माचे दुष्काळी, हे मी इथल्या लोकांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहतात.

डाळिंब होतं ते दिमोनातल्या एका मावशींच्या घरी. त्यांची ओळख वाणसामानाच्या दुकानात झाली. कढीपत्त्याची जुडी नाकाशी धरून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "वासच नाही हो याला." अस्सल मराठीत! मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाच्या. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची आम्ही लेकरं, असं हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. अलिबाग-पेणकडच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारचे त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावं गावांवरून: पेणकर, केहीमकर. इस्रायल झाल्यावर बहुतेक जण इकडे आले. मावशी साठच्या दशकात आईवडिलांबरोबर आल्या, तेव्हा त्या शाळेत होत्या.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. रोश हशाना म्हणजे नवं वर्ष, तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. दहाव्या दिवशीचा योम किप्पुर म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची, उपास करायचा आणि कुणाकडे जायचं-यायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. हिब्रू विसरलेल्या माणसांनी शेकडो वर्षं हे सण मराठीतून जपले. हिब्रू नावं पुन्हा शिकल्यावरही मावशी दारफळणीच म्हणतात.

यंदा तर पंचांगांनीही गंमत केली. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात, ऋतूंशी मेळ राहावा म्हणून तेही मधूनमधून अधिक महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. पुढच्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण येईल आणि दोन्ही पंचांगांत महिन्याचं अंतर पडेल. पण यंदा, २०२२ साली, २६ सप्टेंबरला घटस्थापना आणि रोश हशाना. ५ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पुर. ९ तारखेच्या रात्री कोजागिरी आणि सुक्कोत या त्यांच्या मांडवाच्या सणाची सुरुवात. घरापासून इतक्या लांब मला पहिल्यांदाच सणाची तारीख मोबाईलमध्ये शोधावी लागली नाही. रस्त्यावर उतरलं की कळत होतं, आज काहीतरी आहे.

सणाला बस बंद, म्हणून मी आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत मावशींकडे पोचलो आणि दोन रात्री मुक्काम केला. नव्या वर्षाच्या जेवणात ते एकेक पदार्थ हातात घेऊन त्यावर मागणं मागतात. खजूर, भोपळा, चवळी, मधात बुडवलेलं सफरचंद. डाळिंबावरचं मागणं असं, की यात जितके दाणे तितकी पुण्यं आमच्या हातून घडोत. मावशींनी दाणे माझ्या ताटात वाढले आणि म्हणाल्या, "तू डाळिंबाच्या गावचा ना रे? सांग आता, गोड कुठलं, तुमचं का आमचं?"

मी सांगितलं, आमची बाग गेली.

सगळं सांगायला वेळ लागला. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. माझं शिक्षण त्या बागेवर झालं. दोन वर्षांपूर्वी तेल्या आला. फळांवर काळे तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, आणि एकदा बागेत शिरला की सहजी निघत नाही. दादाचं म्हणणं होतं, आता बाग काढू आणि रान मोकळं ठेवू. मी इथून फोनवर फवारणीचं वेळापत्रक पाठवत होतो. दादाने माझं न ऐकता झाडं काढली. तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुला शेती कळतच नाही. रान पडीक ठेवून बसलायस, लाज वाटत नाही?" ज्याने मला शेतीवर शिकवलं त्याला मी हे बोललो. तेव्हापासून आम्ही फक्त अण्णांच्या गोळ्यांबद्दल बोलत होतो.

मावशी काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पडीक म्हणालास? अरे, आजच संपलेलं आमचं वर्ष शमिताचं होतं." तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा आहे, या भूमीत सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. आपोआप उगवेल ते गरिबांनी खावं, गुराढोरांनी खावं. आजच्या काळात शेतकरी त्यातून वेगवेगळ्या वाटा काढतात, पण खरोखर नांगर न लावणारेही आहेत. इथल्या रस्त्याकडेला तशी रानं मी वर्षभर बघत होतो. जमिनीत ओल किती हे मोजायला मी त्यांच्या शेजारीच उभा राहायचो. पडीक हा शब्द मी शिवीसारखा वापरला होता, तो इथे धर्मग्रंथातल्या आज्ञेतला निघाला.

"दारफळणी दहा दिवसांवर आहे," मावशी म्हणाल्या. "दार लागायच्या आधी भावाला फोन कर."

मी म्हटलं, मी तुमच्या धर्माचा नाही. त्या म्हणाल्या, भाऊ तर तुझाच आहे.

त्यांच्या मिश्नाच्या, म्हणजे जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाच्या, योमा नावाच्या भागात हा नियमच आहे. माणूस आणि देव यांच्यातल्या चुका योम किप्पुर धुऊन काढतो. माणसामाणसांतल्या चुका मात्र, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढल्याशिवाय धुतल्या जात नाहीत. आणि नंतरच्या धर्मपंडितांनी सांगितलं, एकदा जाऊन भागत नाही. त्याने ऐकलं नाही तर तीन वेळा जायचं. हे मला फार माणसं ओळखून केलेलं वाटतं. पहिल्या खेपेला मागणाराही पुरता तयार नसतो.

मी तर नव्हतोच. बुधवारी सकाळी फोन केला तेव्हा दादा म्हणाला, "रानात आहे, नंतर बोलू," आणि मला सुटल्यासारखं झालं. रविवारी पुन्हा केला. त्या दिवशी मी बरंच बोललो. तेव्हा कामाचा ताण होता, तेल्यावर नवं संशोधन चालू होतं, म्हणून आग्रह धरला, वगैरे. दादाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाग गेली. आता तुझ्या माफीचं काय लोणचं घालायचं?"

तिसरा फोन ४ ऑक्टोबरला दुपारी केला, योम किप्पुर लागायला चार तास उरले असताना. आपल्याकडे खंडेनवमी. दादा ट्रॅक्टर धूत होता, पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं." त्यापुढे काही जोडलं नाही. पाण्याचा आवाज बंद झाला.

तो म्हणाला, "तू बोललास त्याचं काय नाय रे. झाडं काढली त्या दिवशी अण्णा सकाळपासून बांधावर बसून होते. मी जेसीबीमागं फिरत होतो. त्यांच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. तुझा फोन आला, मला वाटलं अण्णांचं विचारतोयस."

त्या फोनमध्ये मी फवारणीचं विचारलं होतं.

दोन वर्षं मी एका वाक्याची माफी कशी मागावी याचा विचार करत होतो, आणि ज्याची मागायची होती ते मला ठाऊकच नव्हतं. ते दादाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळलं नसतं. देवापुढे हात जोडून तर नक्कीच नाही.

त्या संध्याकाळी इथले रस्ते रिकामे झाले. योम किप्पुरला कुणी सक्ती न करताही रस्त्यावर गाडी जवळजवळ दिसत नाही. विमानतळ बंद, दूरदर्शन-रेडिओ बंद. पोरं हमरस्त्यावर सायकली चालवतात. लोक पांढरे कपडे घालतात आणि चामड्याचे जोडे वापरत नाहीत. पंचवीस तास अन्नपाणी नाही. मी उपास धरला, एकादशीच्या सवयीने, पण पाणी सोडणं मला जड गेलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळी इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या समाधीपाशी जाऊन बसलो. तिथून झिनची दरी दिसते आणि रानबोकड अगदी जवळून चालत जातात. आपट्याचं पान इथे कुठून मिळणार.

संध्याकाळी प्रार्थनागृहाबाहेर उभा राहिलो. आत लोक छातीवर मूठ मारत कबुली देत होते, अक्षरमालेच्या क्रमाने, एका अक्षराला एक चूक. सगळी क्रियापदं अनेकवचनी आहेत. आम्ही चुकलो, आम्ही विश्वासघात केला, आम्ही निंदा केली. ज्याने यातलं काहीच केलेलं नाही तोही सगळं म्हणतो, शेजारी उभ्या असलेल्याला एकट्याने म्हणावं लागू नये म्हणून. निदान मला तरी ते तसं ऐकू आलं. मग मेंढ्याच्या शिंगाचा, शोफारचा, एक लांब सूर निघाला आणि दार उघडलं. फोन चालू केला तर दादाने ट्रॅक्टरचा फोटो पाठवला होता. झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि मागे ते मोकळं रान.

कोजागिरी मावशींच्या अंगणातल्या मांडवात झाली. सुक्कोतला सात दिवस असा मांडव घालून त्यात जेवायचं असतं. छप्पर तोडलेल्या फांद्यांचं, सावली उन्हापेक्षा जास्त पडेल इतकं दाट, पण रात्री तारे दिसावेत इतकं विरळ. दुधाचा प्रश्न होता, कारण जेवणात मटण आणि त्यांच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणातल्या ज्यूंनी त्यावर कधीच तोड काढलेली आहे. सगळं नारळाच्या दुधात. मी दुपारी नारळ खवून दिले, मावशींनी सणाच्या आधीच वेलदोडा-केशर घालून ठेवलं, आणि रात्री झावळ्यांतून पडणाऱ्या चांदण्यात आम्ही ते प्यालो. बाजूला लुलाव ठेवला होता, म्हणजे खजुराचा कोवळा कोंब, मर्टल आणि वाळुंजाच्या डहाळ्यांसह, आणि त्याच्याशेजारी एत्रोग. ते फळ आपलं म्हाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. सुक्कोत संपताना ते पावसाची प्रार्थना म्हणतात. पण तेव्हापासून रोजच्या प्रार्थनेत नुसता पावसाचा महिमा येतो, मागणं नाही. 'पाऊस दे' हे शब्द त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत हेश्वान महिन्याच्या सातव्या तिथीपासून येतात, सण संपून पंधरवडा गेल्यावर. कारण जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा लोक यात्रेला पायी यायचे. सगळ्यांत लांबच्या यात्रेकरूला फरात नदीपर्यंत घरी पोचायला पंधरा दिवस लागायचे. तो वाटेत भिजू नये, चिखलात अडकू नये, म्हणून इथल्या कोरड्या रानातले शेतकरी ढगांकडे बघत थांबायचे. मंदिर जाऊन दोन हजार वर्षं होत आली, आणि अजूनही ते त्या शेवटच्या वारकऱ्यासाठी थांबतात.

मी दुष्काळी भागातला आहे. पाऊस मागायचं राहू द्यायचं, तेही कुणा अनोळखी माणसाच्या पायांसाठी, म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. मृगाच्या पहिल्या आठवड्यात अण्णा आभाळाकडे कसे बघायचे ते मी बघितलेलं आहे.

यंदा ती सातवी तिथी १ नोव्हेंबरला आली. आदल्या रात्रीपासून मागणी सुरू झाली. ४ तारखेला कार्तिकी एकादशी होती. दादाने सकाळी फोन केला, आपणहून. अण्णांना घेऊन पंढरपूरला निघाला होता. अण्णांचे गुडघे धरलेत, पण हट्ट. "परतीच्या पावसानं वाट लागलीय रस्त्याची," तो म्हणाला. "तिकडं पडला का?"

मी म्हटलं, "मागायला सुरुवात झालीय. अण्णांना जपून ने. घरी पोचलास की कळव."

संध्याकाळी इथे शब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, मेणबत्त्या लागल्या, रस्ते पुन्हा शांत झाले. मी खोलीत फोन समोर ठेवून बसलो होतो. इथले सात वाजले, म्हणजे तिकडे साडेदहा. दादाचा एकच शब्द आला.

'पोचलो.'