शिष्य कुणाचे?

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. कार्यक्रमपत्रिका छापायला जायची होती. गाणाऱ्या बाईंच्या नावाखाली त्यांच्या गुरूंचं नाव आलं होतं, तबलजींच्या नावाखाली तर घराण्यासकट सगळं आलं होतं. "काका, पेटीवर तुमचं नाव टाकलंय. पण शिष्य कुणाचे लिहू?" मी म्हटलं, काही लिहू नकोस. तो म्हणाला, "मग ओळ रिकामी दिसते हो." शेवटी त्यानेच स्वतःच्या अधिकारात 'ज्येष्ठ पेटीवादक' असं लिहून ओळ भरली आणि फोन ठेवला. झोप गेली ती गेलीच.

पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, शिकवणारा नसला तरी चालतं, असा एक समज आहे आणि तो पेटीनेच करून दिलेला आहे. बासरीवाला सुरुवातीला फुंकून फुंकून चक्कर येईस्तोवर बसतो, तेव्हा कुठे एक धड आवाज निघतो. सारंगीचं तर बोलूच नका, शेजारी घर बदलतात. पेटीचं तसं नाही. पट्टी दाबा, भाता हलवा, सूर हजर. म्हणून तर आमच्या पिढीत दर वाड्यात, दर चाळीत "येते थोडीफार" म्हणणारा एक तरी पेटीवाला असायचाच. त्या थोडीफारच्या पुढे जायचं कसं, हे मात्र पेटी सांगत नाही.

मालवणजवळच्या आमच्या घरी आजोबांची पेटी माजघरात फडताळाखाली खोळीत असायची. आजोबा देवळातल्या भजनात पेटी धरायचे. गणपतीत त्यांना घरोघर बोलावणी असत, रात्र रात्र भजन चाले, आणि त्या दिवसांत त्यांचा रुबाब गावच्या खोतालाही नसेल. पोरांनी पेटीला हात लावायचा नाही हा नियम. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी सगळं घर निजलेलं असे. बाहेर कैऱ्यांची राखण करायलाही कुणी नसे. मी खोळ काढायचो, झाकण उघडायचो आणि भाता न हलवता पेटी वाजवायचो. सूर नाही, काही नाही, नुसती पट्ट्यांची टकटक. आदल्या रात्री ऐकलेला गजर डोक्यात चालू आणि खाली बोटं. डोक्यातला गजर अर्थातच अप्रतिम व्हायचा. समेवर टाळ पडायचे, बुवा मान डोलवायचे, बायका पदर सावरून पुढे सरकायच्या. आवाज नसलेल्या पेटीवर कुणीही वाईट वाजवू शकत नाही.

एका दुपारी असाच रंगात आलो होतो, तर ओटीवरून आजोबांचा आवाज आला. मला वाटलं, आता फोकाची एक पाठीवर. पण ते पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, "लय धावता हा रे तुझी." आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागले. टकटकीवरून त्यांना कळलं होतं. सूर कुठला लागतोय ते कळायला मार्गच नव्हता, पण लय धावते ते कळलं.

माझं रीतसर संगीत शिक्षण म्हणाल तर ते एवढंच. (फॉर्मवर लिहिण्यासारखं नाही.)

पुढे भाता हलवून वाजवायची परवानगी मिळाली तेव्हा निराळाच घोळ निघाला. बोटांना सवयी लागल्या होत्या आणि त्या कुणी पाहिलेल्याच नव्हत्या. शिकवणारा असता तर पहिल्या आठवड्यात अंगठा कुठे घ्यायचा, कुठल्या सुरावर बोट वळवायचं, हे दटावून दटावून बसवलं असतं. आमचा सगळा कारभार मधल्या तीन बोटांवर. करंगळी आपली बशीतून चहा प्यायला बसल्यासारखी वर. तीन बोटांत भजन वाजतं, भावगीत वाजतं, लग्नाच्या वरातीतलंही निभतं. द्रुत तान आली की मात्र बोटं एकमेकांच्या पायात पाय घालतात. पन्नाशी उलटल्यावर अंगठ्याला कामाला लावायचं म्हणजे घरातल्या रिकामटेकड्या भावाला नोकरीला लावण्यापैकी आहे. तो येतो, पण उशिरा येतो आणि आल्यावर दुसऱ्याच्या जागेवर बसतो.

गुरूशिवाय पेटी शिकलेल्यांना एक मोठा आधार असतो, तो म्हणजे गोविंदराव टेंबे. कोल्हापूरच्या या माणसाने पेटी बहुतांशी आपली आपणच शिकली, आणि तिथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत कानावर पडलेल्या गाण्याला त्याचं श्रेय दिलं. पुढे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसले, १९११ च्या 'मानापमान' या संगीत नाटकाला चाली दिल्या. हे नाव घेतलं की आमच्यासारखे लोक ताठ बसतात. ताठ बसताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. टेंबे एकटे खोलीत बसून शिकले नव्हते. भास्करबुवांसारखा गवई पुढे गातोय आणि त्याची प्रत्येक जागा बोटांनी पकडायची आहे, याच्याइतकी कडक शाळा दुसरी कुठली असणार? आमच्या बाजूला कोण होतं? तर रेडिओ. आणि रेडिओ थांबत नसे.

त्यातून रेडिओचं आणि पेटीचं जुनं वाकडं. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार लावलं, ते १९७१ मध्ये किलकिलं केलं. का, तर पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, सूर ठोकळेबाज. पॅरिसात जन्मलेलं वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याचे पाय काढून त्याला आपल्यासारखं मांडी घालून बसवलं, पण सूर साहेबीच राहिले. लहानपणी हे वाचून मला फार राग आला होता. आता येत नाही, कारण आता फोनमध्ये तंबोरा आहे. तो लावायचा आणि पेटीचा शुद्ध गंधार, म्हणजे सारेगमतला ग, नुसता धरून ठेवायचा. लगेच काही कळत नाही. मग हळूहळू दोन गंधार दिसायला लागतात, एक तंबोऱ्यात आपोआप उमटणारा आणि दुसरा पेटीतला, अंमळ चढा. शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भाग चढा. डॉ. विद्याधर ओकांनी यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची पेटी केली आहे, पण आमची बोटं नेहमीच्या बारा सुरांतच दमतात. मला खटकलं ते हे, की इतकी वर्षं पेटी हाच माझा गुरू होता आणि गुरूचाच गंधार चढा होता. तंबोऱ्यापुढे नुसतं बसून एकच सूर ऐकणं, याला माझ्या मते रियाज म्हणायला हरकत नाही, जरी घरच्यांच्या मते पेटी बिघडलेली असते.

साथीत खरी सुधारणा केली ती आमच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी. वयाने मोठ्या, आवाज खणखणीत आणि सूर विचारण्याची पद्धत अजिबात नाही. डोळे मिटतात आणि सुरू होतात. पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ती जागा, कोणती? काळी चार आणि पांढरी पाच (पेटीवरची चौथी काळी आणि पाचवी पांढरी) यांच्या मधली. दुसऱ्या कडव्याला त्यांना जोर चढतो, मग काळी चार. तिसऱ्याला भक्ती दाटून आली की पांढरी सहाकडे वाटचाल. मला तोपर्यंत फक्त दोन पट्ट्यांत वाजवता येत असे. पांढरी एक, कारण बिलावल थाटाचे, म्हणजे साध्या सारेगमचे, सगळे सूर पांढरे. आणि काळी एक, कारण आजोबा काळी एकमध्ये वाजवायचे आणि ग आणि नि तेवढे पांढरे, बाकी सगळे काळे, हा नकाशा माझ्या बोटांना पाठ होता. काकूंच्या मागे धावता धावता बाराही पट्ट्या वाजवणं भाग पडलं. कोणी म्हणेल, स्केलचेंजर पेटी घ्या की, पट्ट्यांचा पट्टाच सरकवला की झालं. नाही घेणार. स्केलचेंजरला माझा विरोध आहे. त्याला कारण काही नाही, नुसता विरोध आहे.

काकूंनीच एकदा अभंग मध्येच थांबवून सांगितलं, "तुम्ही जरा गप्प बसत जा ना मध्ये मध्ये." त्या श्वास घ्यायला थांबल्या की मी ती जागा भरत होतो. एकट्याने शिकलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. एवढी वर्षं त्याच्याबरोबर गाणारं कुणी नसतंच, सगळ्या जागा त्यालाच भराव्या लागतात.

घरी वाजवताना फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावं, असा सल्ला हल्ली यूट्यूबवरचा प्रत्येक जण देतो. देणाऱ्यांनी स्वतः एकदा ऐकून बघावं. सोपी जागा आली की हात सैल सुटतो, अवघड आली की सगळं बैलगाडीच्या चालीने. आजोबा त्या दुपारी जे बोलले होते तेच, फक्त आता सुरांसकट. मग पलटे घेऊन बसतो, सारेग रेगम गमप, तबल्याच्या ॲपवर विलंबित लय ठेवून, इतकी सावकाश की बायको स्वयंपाकघरातून विचारते, झोप लागली का? जिथे अडतं तेवढेच चार सूर पुन्हा पुन्हा. कंटाळवाणं आहे. मधेच हात आपसूक एखाद्या येणाऱ्या गाण्याकडे वळतो, आणि ते गाणं इतकं बरं वाजतं की पलटे राहतात बाजूला. या वळणावर पाठीत रट्टा घालणारं कुणी हवं असतं, बाकी माहिती सगळी फुकट मिळते.

मध्यंतरी खरंच एका शिक्षकांकडे जाऊन आलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं विसरावं लागेल." माणूस चांगला होता, बोलला तेही बरोबर होतं. जिन्यावरून उतरताना मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. एवढं सगळं विसरून मग नव्याने शिकायला मला किती दिवस उरलेत, हा हिशोब त्यांनी केला नव्हता; मी केला होता.

असो. मंगळवारी भजन आहे. काकूंनी या वेळी भैरवीआधी एक नाट्यपद घ्यायचं ठरवलंय, असं कळलं. पट्टी कोणती, ते अर्थातच कळलेलं नाही.