तेवुर भाषेची नोंद ७ : ळ आला, साठ शब्द गेले

तेवुर ही मी स्वतः रचत असलेली भाषा, तिच्या मागच्या नोंदीनंतर चार महिने काही लिहिलं नाही. शब्द वाढत होते, शीटमध्ये ४१२ झाले होते, पण मोठ्याने वाचले की सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटायचे. धातू, त्याला प्रत्यय, मधली जोड स्वच्छ दिसतेय, कुठेही काही झिजलेलं नाही. दिवाळीनंतर बसून ध्वनींचे नियम पुन्हा पहिल्यापासून लिहिले, आणि आता तेवुर कानाला वेगळी लागतेय, कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बोलून गुळगुळीत केलेली. काय केलं ते सांगते.

आधी काय काढलं ते. ६० शब्द सरळ उडवले, कारण ते वेष बदललेले मराठी शब्द होते. पावसाला मी ‘पावेल’ म्हणत होते, आता हे कुणालाही कळेल. वोलाप्यूकचं असंच काहीसं आहे, योहान मार्टिन श्लायरने १८८० च्या सुमाराला ती भाषा केली तेव्हा इंग्रजी ‘वर्ल्ड’चं वोल केलं आणि ‘स्पीक’चं प्यूक, मूळ शब्द सांगितल्यावरच दिसतो. त्यात एक गंमत नक्की आहे, पण तेवुरला स्वतःची मुळं हवीत असं मला वाटतं. त्याच झपाट्यात ख घ थ ध फ भ पण काढले. महाप्राण, म्हणजे असे ह मिसळलेले ध्वनी, असले की माझ्या तोंडून आपोआप मराठीच येते.

मग खरा प्रश्न, जोड कशी झिजवायची. एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत दवाखान्याला मालसानुलेयो म्हणतात, माल म्हणजे उलट, सान निरोगी, उल माणूस, एय जागा, ओ म्हणजे नाम. पाचही तुकडे जसेच्या तसे, उच्चारात पण एकमेकांना धक्का न लावता, आणि जोर कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर. ती रचणाऱ्या झामेनहॉफने १८८७ मध्ये तिचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा ते असंच असायला हवं होतं, कारण कुणालाही पटकन शिकता यावी हाच हेतू होता, आणि त्या कामासाठी ती रचना मला आजही फार देखणी वाटते. फक्त माझं काम ते नाही. मला डोंगरातल्या एका खोऱ्यात हजार वर्षं बोलली गेलेली भाषा हवीय.

उत्तर मराठीतच सापडलं. आपल्याकडे ‘काळ’ आणि ‘काल’ हे दोन शब्द बघा. काळ आला संस्कृत ‘काल’वरून, दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला ल मराठीत येईपर्यंत ळ झाला, फल-फळ, तल-तळ तसंच. आणि कालचा दिवस आला ‘कल्य’वरून, त्याचं प्राकृतात कल्ल झालं, जोड ल असल्यामुळे तो वाचला, नंतर जोड सुटली आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा अ लांबून आ झाला. सप्त-सत्त-सात मध्ये जे झालं तेच. म्हणजे एका साध्या नियमाने ल आणि ळ वेगळे झाले, कुणी बसून ठरवलं नाही. हे वाचलं त्या रात्री मी झोपलेच नाही, उठून नियम तेवुरला लावत बसले.

आता बघा. नुल म्हणजे बसणं. कृतीचं नाम करायला ओ लावतो, नुलो, त्यातला ल दोन स्वरांमधे म्हणून नुळो. जागा दाखवायला ला लावतो, नुल्ला, जोड सुटली आणि उ लांबला म्हणून नूला, म्हणजे ओटा. एकच धातू, एकीकडे ळ, एकीकडे ल आणि दीर्घ ऊ, आणि दोन्ही नियमानेच. मग र आणि ल शेजारी आले तर र विरघळतो असं ठरवलं, जसं कर्म-कम्म-काम मध्ये र गेला. विर म्हणजे धुणं, त्याचं विरो होतं, पण जागा मात्र विर्ला-विल्ला-वीला. नवीन माणसाला विरो आणि वीला एकाच घरातले आहेत हे सांगावं लागेल, आणि मला अगदी हेच हवं होतं.

लगेच अडचण पण आली. विल म्हणजे शिवणं, त्याची जागा पण वीलाच होते! धुण्याची जागा आणि शिवण्याची जागा एकच शब्द. आधी वाटलं नियम बदलावा, मग म्हटलं नाही, बोलणारी माणसं काय करतील ते बघू. ती पुढे काहीतरी जोडतील. दोम म्हणजे पाणी, तर घाट झाला दोमवीला आणि नुसतं वीला शिंप्याकडे गेलं. या दोन शब्दांवर मी पूर्ण रविवार घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट मावशीमुळे झाली. तेवुरमध्ये च एकच, चाक-चूल मधला, मी तो नुक्ता देऊन च़ असा लिहिते. अनेकवचनाला इ लागते, मोच़ म्हणजे बी, अनेक बिया म्हणजे मोच़ि. उच्चार तपासायला म्हटलं मावशी, ही यादी जरा वाचशील का, मी फोनवर रेकॉर्ड करते. तिने मोच़ बरोबर वाचलं आणि मोच़ि ला प्रत्येक वेळी चिवडा मधला च. तीनदा सांगून पण. नंतर लक्षात आलं की तिचं तोंड मराठीचा नियम पाळतंय, इ किंवा ए पुढे आली की च़ चा च होतोच, काच पण काचेचा, माझा पण माझी, तिथे झ चं पण तेच. चिंच या एका शब्दात तर दोन्ही आहेत, पहिला एक आणि दुसरा दुसरा, आणि आपण जन्मभर विचार न करता बरोबर म्हणतो. मग भांडण सोडलं आणि तोच नियम तेवुरला दिला. मोच़, मोचि.

याच्या पुढची पायरी सध्या चालू आहे आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. शेवटची ऱ्हस्व इ गाळली तर? मग एक बी मोच़ आणि अनेक मोच, फरक फक्त च च्या जातीत उरतो. इंग्रजीत फुट-फीट असंच झालंय, अनेकवचनाच्या इ ने आधीचा स्वर ओढून घेतला आणि स्वतः गळून गेली. पॉल फ्रॉमर यांनी ‘अवतार’ सिनेमासाठी केलेल्या नावी भाषेत पण असं एक आहे, तुते म्हणजे माणूस, अनेकवचनाचा आय शब्दाच्या आधी लागला की त चा स होतो, आयसुते, आणि तो आय गाळला तरी चालतो, नुसतं सुते म्हटलं की माणसं. मला हे नावीतलं सगळ्यात सुंदर वळण वाटतं.

काही जणांनी मागे विचारलं होतं की ळ आहे तर ट ड ण का नाहीत, अर्धवट वाटतं. मला नाही वाटत. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन भाषेत मार्क ओक्रँड यांनी जीभ वळवून म्हणायचा मूर्धन्य ड ठेवला आणि त्याच्या जोडीचा ट ठेवलाच नाही, साधा द पण नाही, मुद्दाम, कानाला परकं वाटावं म्हणून. माझ्याकडे कारण वेगळं आहे, तेवुरचा ळ हा ल चाच मुलगा, त्यामुळे त्याला ट ड ची सोबत लागत नाही.

टोकी पोना या मुद्दाम अगदी छोटी ठेवलेल्या भाषेसारखं ९ व्यंजनं आणि ५ स्वरांत भागवायचा प्रयत्न पहिल्या वर्षी केला होता, पण इतके कमी ध्वनी घेऊन असं झिजवायला गेलं की थोड्याच पिढ्यांत सगळे शब्द एकमेकांवर पडतात, म्हणून तो रस्ता बंद केला.

आत्ता शीटमध्ये ३५२ शब्द आहेत, त्यातले २१० नव्या नियमांतून काढून झालेत. जोर कुठे द्यायचा ते ठरलेलं नाही, दीर्घ स्वरावर द्यावा असं वाटतंय, नूला म्हणताना तो तिथेच पडतो. येत्या शनिवारी मावशीकडून मोच़ आणि मोच अशा वीस शब्दजोड्या वाचून घेणार आहे, यावेळी अर्थ न सांगता, आणि दुसऱ्या खोलीत भाचीला बसवून तिला एक की अनेक ते ओळखायला लावणार आहे. तिला वीसातले पंधरा ओळखता आले तर इ गेली.