आतून कडी लागणारी खोली

आज वरळीला मामेभावाच्या नव्या घरी गेले होते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत! बेडरूम दाखवताना वहिनी म्हणाली, "ताई, हिला आतून कडी आहे." आणि मग लॉकडाऊनबद्दल बोलतच सुटली.

एरवी मुलं शाळेत, सासूबाई भजनाला, सासरे नाक्यावर, तेव्हा जो काय तासभर मिळायचा तो दादा-वहिनीचा. मे महिन्यात म्हातारी माणसं गावी जायची. २५ मार्च २०२० पासून ते सगळंच बंद. सहा माणसं दिवसरात्र एका खोलीत. पोटमाळ्यावर ऑनलाइन शाळा, दादाचा पगार निम्म्यावर, सामाईक संडासातून आजार घरात येईल ही धास्ती वेगळीच. "नवरा-बायको राहिलोच नाही गं. जवळ बसलो तरी कुणीतरी बघतंय असं वाटायचं."

त्या दिवसांत 'जोडप्यांना छान निवांतपणा मिळाला' असं लिहिणाऱ्यांचा मला आजही राग येतो. जादा खोली होती त्यांना मिळाला असेल!

दादा सगळं ऐकत होता. तो उठून गेला नाही. "हिनं खूप सोसलं," एवढं म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकून मला फार बरं वाटलं.