तोंडपाठ, पण हात कुठे?
आज विमानाच्या क्रॉस-कंट्री सराव-उड्डाणावरून बारामतीला परतताना डाउनविंडवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना, लँडिंगची चेकलिस्ट घडाघडा म्हणून टाकली: गॅस (इंधन), अंडरकॅरेज (चाकं), मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण), प्रॉप (पंखा), सीटबेल्ट. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की गम्प्स! सेस्ना १७२ ची चाकं आत जातच नाहीत, तरी ‘अंडरकॅरेज डाउन’ म्हणायचंच. उद्या चाकं आत घेणारं विमान हाती आलं तर जिभेला सवय हवी ना.

शेजारून सर शांतपणे म्हणाले, “मिक्श्चर रिच म्हणालीस. हात कुठे होता?”

मिक्श्चरचा लाल नॉब अजून बोटभर बाहेर! क्रूझला, म्हणजे उंचीवर सरळ उडताना, लीन (इंधन कमी) केलेला, तसाच; रिच (इंधन जास्त) करायला तो आत ढकलायला हवा होता. लहानपणी तेराचा पाढा म्हणायचे तशीच म्हटली होती मी चेकलिस्ट, डोकं भलतीकडेच. आता प्रत्येक शब्दाला त्या वस्तूला हात लावायचा, अशी तंबी मिळालीये.

१९३५ मध्ये अमेरिकेत डेटनला बोइंगचं नवंकोरं मॉडेल २९९ उडताच कोसळलं. विमान उभं असताना कंट्रोल्स वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं, तेही कसलेल्या वैमानिकांकडून. त्यानंतर छापील चेकलिस्ट रुळली.

रात्री जेवताना हवेतल्या नॉबला हात लावत पुटपुटत होते. आई म्हणाली, “आधी भात संपव.”