हो, हो, हो…

जानेवारी 2013. काल रात्री ओप्रा विन्फ्रेने घेतलेली सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची मुलाखत पाहिली. तिने सुरुवातीलाच विचारलं. ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं, खेळात बंदी असलेलं औषध)? हो. रक्त चढवून घेणं? हो. टेस्टोस्टेरॉन? हो. आणि हे सगळं 1999 ते 2005, त्याने जिंकलेल्या सातही टूर द फ्रान्स सायकल शर्यतींत!

आमचं ऑस्टिन (टेक्सास) म्हणजे त्याचंच गाव, इथल्या सायकलमार्गालाही त्याचं नाव. त्यामुळे आज ऑफिसात दुसरा विषयच नव्हता. एकजण म्हणाला, "सगळेच घेत होते, यालाच का धरता?" दुसऱ्याने मनगटावरचा, लान्सच्या कॅन्सर संस्थेचा पिवळा पट्टा काढून कचऱ्यात टाकला (जरा नाटकीच वाटलं). केमो झालेली सहकारी मात्र म्हणाली, "मी नाही काढणार. त्या दिवसांत याचा आधार होता मला."

तिच्यापुढे काय बोलणार?

पण औषधांपेक्षा मला जास्त खुपतं ते वेगळंच. त्याच्या टीमची मसाजिस्ट एमा ओ'रायली किंवा टीममधल्या सहकाऱ्याची बायको बेट्सी आंद्रेऊ, या बायका खरं बोलल्या तर यानेच त्यांची वर्षानुवर्षं बदनामी केली. संडे टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राला तर कोर्टात खेचलं. आणि काल चेहरा कसा, तर इस्त्री केल्यासारखा!

माझाही पट्टा ड्रॉवरमध्ये आहे. संध्याकाळी काढला, पाहिला, परत ठेवला. आज रात्री दुसरा भाग. बघेन बहुतेक.